लोणारची राइड कुठे आहे?

बुलढाण्याजवळच्या देऊळघाटच्या मुलाला मोठ्या पाळण्यात बसायचं असेल तर दोन वाटा आहेत. होळीच्या सुमारास पिंपळगाव सराईला सैलानीबाबांची यात्रा भरते, तिथे जायचं. नाहीतर शाळेची सहल खोपोलीच्या इमॅजिकाला निघेल तेव्हा नाव नोंदवायचं. पहिली जागा बुलढाणा तालुक्यातच आहे, दुसरी चारशे किलोमीटरच्या आसपास. दोन्हीकडे त्याला छोटा भीम भेटतो. यात्रेत तो लहान मुलांच्या आगगाडीच्या डब्यावर रंगवलेला असतो, इमॅजिकात रीतसर परवाना घेऊन उभा केलेला.

छोटा भीमशी माझं भांडण नाही. 2008 मध्ये तो हैदराबादेतून टीव्हीवर आला आणि देशभरातल्या पोरांनी त्याला आपला मानला. माझी तक्रार निराळी आहे. या मुलाच्या स्वतःच्या जिल्ह्यात लोणारला आकाशातून दगड कोसळला आणि काळ्या बेसॉल्टमध्ये जवळजवळ 1.8 किलोमीटर व्यासाचं विवर पडलं. त्या गोष्टीवर यात्रेत पाळणा नाही आणि इमॅजिकातही राइड नाही. ती का नाही, आणि आणायची कशी, एवढंच आज लिहायचं आहे.

०००

जगभरच्या मोठ्या उद्यानांनी आता एक सोपी वाट धरली आहे. नवी राइड बांधायची तर आधी चाललेली सिनेमा-मालिका शोधायची, हक्क घ्यायचे आणि रुळांवर ती गोष्ट चढवायची. 18 जून 2010 रोजी अमेरिकेतल्या ऑरलँडोला युनिव्हर्सलच्या उद्यानात हॅरी पॉटरची दुनिया उघडली आणि त्या उद्यानाची वर्षाची गर्दी चौथाईहून जास्त वाढली. मग सगळे त्याच रांगेत उभे राहिले. डिस्नेने 2017 मध्ये ‘अवतार’मधलं पँडोरा बांधलं. मे 2025 मध्ये ऑरलँडोतच एपिक युनिव्हर्स सुरू झालं. त्यात हॅरी पॉटर पुन्हा आहे, ड्रॅगनचा सिनेमा आहे, मारिओचा खेळ आहे, युनिव्हर्सलच्या जुन्या भुताखेतांचे सिनेमे आहेत.

यामागचा हिशेब समजून घ्यायला हवा. राइड चालते तीन-चार मिनिटं. तेवढ्यात नायक कोण, खलनायक कोण, भांडण कशावरून, हे सगळं सांगायला वेळ नसतो. सिनेमा बघून आलेल्या माणसाला ते सांगावंच लागत नाही. तो गोष्ट डोक्यात घेऊनच रांगेत उभा राहतो, रांग तासाभराची असली तरी कुरकुरत नाही, आणि उतरल्यावर दुकानातून जादूची कांडी विकत घेतो. उद्यानाची निम्मी जाहिरात सिनेमाने आधीच केलेली असते. पैसा लावणाऱ्याला हे पटतं, आणि त्यात वावगं काही नाही.

वावगं पुढे आहे. गोष्ट आधीच ठाऊक असलेली हवी, हा हिशेब बरोबर. पण ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे सिनेमाच, हे कोणी ठरवलं?

०००

आधी सिनेमाला त्याचा हक्काचा वाटा देऊ. काही सिनेमे राइडसाठीच जन्मलेले असतात. ‘जुरासिक पार्क’ 1993 मध्ये आला. त्याची गोष्टच एका उद्यानाची होती, त्यामुळे 1996 मध्ये त्याची राइड झाली तेव्हा कुणाला ओढूनताणून केल्यासारखी वाटली नाही. हॅरी पॉटरचं हॉगवर्ट्स ही जागा आहे. त्या दगडी जिन्यांवर आपण चढावं, त्या जेवणघरात बसावं, असं वाचतानाच वाटत होतं. पँडोराचं तेच.

माझी कसोटी ही. सिनेमात आपण शिरावं अशी एखादी जागा आहे का, हात लावावा अशी एखादी वस्तू आहे का, हे बघा. असेल तर राइड होते. फक्त लाडका नट असेल तर होत नाही. नटाची जादू त्याच्या चेहऱ्यात असते, आणि राइडमध्ये नायक असतो आसनाचा पट्टा लावून बसलेला प्रवासी. त्याच्या स्वतःच्या बाबतीत काही घडायला हवं. दुसऱ्याच्या बाबतीत घडताना बघायचं असतं तर तो थिएटरातच गेला असता.

मराठीत या कसोटीला उतरणारा सिनेमा आहे. महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’, 1993 चा. त्यातला तात्या विंचू हा बाहुला आहे. रामदास पाध्ये यांच्या हातातून घडलेली, वळून बघणारी, धावून येणारी वस्तू. अंधाऱ्या खोल्यांमधून गाडी जाते आहे आणि तो कुठल्या कोपऱ्यातून निघेल ते कळत नाही, एवढं पुरे. दुसरा भाग 2013 मध्ये आला, म्हणजे दोन पिढ्यांना तो ठाऊक आहे. मराठी सिनेमावरून एकच राइड करायची ठरली तर ही करा. मी पहिल्या रांगेत उभा राहीन.

०००

आता कसोटी न लावता बांधलं की काय होतं ते बघू.

नोव्हेंबर 2016 मध्ये दुबईत बॉलिवूड पार्क्स उघडलं. अख्खं उद्यान हिंदी सिनेमावर. ‘शोले’ होता, ‘डॉन’ होता, ‘क्रिश’ होता, ‘रा-वन’ होता, ‘लगान’ होता, ‘दबंग’ होता. हिंदी सिनेमावर जीव टाकणारे लाखो लोक त्या शहरात राहतात, मराठी माणसं त्यांत आलीच. एप्रिल 2023 मध्ये ते उद्यान कायमचं बंद झाल्याचं जाहीर झालं. सात वर्षंही भरली नाहीत. ‘शोले’ पन्नास वर्षं लोकांच्या तोंडी आहे आणि त्याचं नाव लावलेली राइड सात वर्षं टिकली नाही, याचा अर्थ सिनेमावरचं प्रेम आपोआप पाळण्यावर उतरत नाही. उद्यानाला स्वतःचं बळ लागतं. नावं उसनी आणून ते येत नाही.

दुसरं उदाहरण मला जास्त लागतं. डिस्नेच्या एपकॉट उद्यानात निरनिराळ्या देशांची दालनं आहेत. नॉर्वेच्या दालनात 1988 पासून ‘मेलस्ट्रॉम’ नावाची नौकेची राइड होती. त्यात व्हायकिंग होते, नॉर्वेच्या लोककथांतले ट्रोल होते, उत्तर समुद्रातलं वादळ होतं. 2014 मध्ये ती बंद केली आणि 2016 मध्ये त्याच पाण्यावर ‘फ्रोझन’ची राइड आली. एका देशाच्या दालनात त्या देशाचीच गोष्ट उरली नाही. तिची जागा एका कल्पित राज्याने घेतली. तिकीटखिडकीवर रांग वाढली असेल. पण नॉर्वे बघायला गेलेल्या मुलाच्या हाती नॉर्वे किती लागलं?

आणि हेच डिस्ने एके काळी उलटं चाललं होतं. ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ ही राइड 1967 मध्ये सुरू झाली. त्या वेळी त्या नावाचा सिनेमा नव्हता. चित्रकार आणि कारागीर बसले, चाच्यांचं जळणारं गाव उभं केलं, त्यातून नौका नेली. सिनेमा निघाला 2003 मध्ये, छत्तीस वर्षांनी, राइडवरून. म्हणजे राइड ही गोष्ट सांगण्याची स्वतंत्र कला आहे. तिच्या पोटातून सिनेमा जन्मू शकतो. तिला सिनेमाची पाटी लावायची जागा एवढंच मानणं हा त्या कलेचा अपमान आहे.

०००

महाराष्ट्राने याबाबत सुरुवात चांगली केली होती. हे आपण विसरलो म्हणून आठवण देतो.

एप्रिल 2013 मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका सुरू झालं. उभं केलं मनमोहन शेट्टी यांनी. माणूस सिनेमाचा. अ‍ॅडलॅब्स या नावाने त्यांनी सिनेमाच्या फिल्म धुण्याची प्रयोगशाळा चालवली, वडाळ्याला घुमटाचं आयमॅक्स उभारलं. असा माणूस सगळ्या राइड सिनेमाच्या करता तर कुणाला नवल वाटलं नसतं. त्यांनी एक केली, ‘मिस्टर इंडिया’ची. 1987 च्या त्या सिनेमाने तेव्हाच्या मुलांना वेड लावलं होतं, आणि 2013 मध्ये तीच मुलं आपल्या पोरांना घेऊन तिकीट काढणार होती. हिशेब बरोबर होता.

बाकीच्या राइड बघा. अलीबाबा आणि चाळीस चोर. सलीमगढ हा भुताचा किल्ला. आणि राजासौरस. ही शेवटची मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. राजासौरस हा खराखुरा डायनोसॉर आहे, आपल्याच भूमीवरचा. गुजरातच्या रहिओलीला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला त्याची हाडं गोळा केली, 2003 मध्ये त्याला ‘राजासौरस नर्मदेन्सिस’ हे नाव मिळालं. ‘जुरासिक पार्क’चे हक्क विकत न घेता, नर्मदेच्या खोऱ्यातला डोक्यावर शिंग असलेला मांसाहारी प्राणी घेऊन पाण्याची राइड केली. पोरं किंचाळत उतरतात आणि जाताना भारतातल्या एका डायनोसॉरचं नाव घेऊन जातात. हा धडा होता. तो पुढे नेला गेला नाही. विदर्भात चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला डायनोसॉरचे अवशेष एकोणिसाव्या शतकापासून सापडताहेत. त्यांची राइड अजून कुणी केलेली नाही.

इमॅजिका कर्जात बुडालं, 2022 मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाने ते घेतलं. याच समूहाने शिर्डीला साई तीर्थ उभं केलं आहे. तिथे गाडीत बसवून देशभरातल्या देवळांची यात्रा घडवतात, हलणारा-बोलणारा साईबाबांचा पुतळा द्वारकामाईत दर्शन देतो, आणि ‘लंकादहन’ नावाचा आसनं हलणारा खेळ आहे. त्यात कुठल्याही सिनेमाचे हक्क विकत घ्यायची गरज पडलेली नाही. गोष्ट प्रत्येकाला ठाऊक आहे. तीन-चार मिनिटांच्या हिशेबाला ती सिनेमाइतकीच बसते.

‘लंकादहन’ या नावाने मराठी माणसाला दुसरंही काही आठवायला हवं. 1917 मध्ये दादासाहेब फाळक्यांनी त्याच नावाचा चित्रपट काढला. अण्णा साळुंके यांनी त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. लोक त्याला धावून गेले. फाळक्यांनी 1910-11 च्या सुमारास मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा परदेशी चित्रपट पाहिला होता. त्यांनी त्याचे हक्क विकत घेतले नाहीत, त्याची नक्कलही केली नाही. ते 1912 मध्ये लंडनला गेले, कॅमेरा आणला, तंत्र शिकले आणि गोष्ट घरातली घेतली. राजा हरिश्चंद्र, मोहिनी-भस्मासूर, सत्यवान-सावित्री. भारतीय सिनेमाचा पायाच असा घातला गेला. तंत्र बाहेरचं, गोष्ट घरची. शंभर वर्षांनी राइड बांधणारे मात्र तंत्रही बाहेरून आणतात आणि गोष्टही बाहेरून.

०००

आता माझ्या बाजूची दुखरी नस. घरची गोष्ट म्हटली की आपल्याकडे काय होतं, हेही सांगितलं पाहिजे.

देऊळघाटहून अजिंठा लांब नाही. अजिंठ्याच्या पायथ्याशी जपानच्या अर्थसाहाय्यातून पर्यटक केंद्र उभं राहिलं. चार लेण्यांच्या प्रतिकृती आत होत्या, म्हणजे मूळ चित्रांना श्वासाचा आणि उजेडाचा त्रास न देता लोकांना त्यांच्याजवळ उभं राहता यावं. कल्पना उत्तम. 2013 मध्ये ते सुरू झालं आणि काही वर्षांत वीज-पाण्याच्या थकबाकीने त्याला कुलूप लागलं. गोष्ट घरची होती, आणि अजिंठ्याहून मोठी गोष्ट तरी कोणती? पण बिल भरायला कुणी नव्हतं.

सरकारी हातात घरची गोष्ट गेली की बहुतेक वेळा तिचा पुतळा होतो, फलक होतो, कारंजं होतं. उद्घाटनाला मंत्री येतात. पुढच्या पावसाळ्यात फलकाचा रंग उडतो आणि त्या वर्षअखेरीस कारंजं बंद पडतं. दुसरीकडे हॅरी पॉटरच्या गावात बाहेरच्या कंपनीचं शीतपेयसुद्धा विकू दिलं जात नाही, कारण लेखिकेने ते चालवून घेतलं नाही. त्या गावात पुस्तकातलीच पेयं मिळतात. दुकानाच्या काचेवरची अक्षरं, रखवालदाराचा पोशाख, शौचालयात ऐकू येणारा आवाज, सगळं गोष्टीत बसवलेलं. हक्क विकणारा करारात हे लिहून घेतो आणि वर्षानुवर्षं तपासत राहतो. चाहते तिथे पुन्हा पुन्हा जातात ते या चोखपणामुळे.

म्हणून मी म्हणतो, सिनेमाकडून गोष्ट उसनी घेऊ नका, शिस्त घ्या.

आणि ही शिस्त आपल्या रक्तात नाही असं कुणी म्हणू नये. आपल्याच बुलढाणा जिल्ह्यात, शेगावला, गजानन महाराज संस्थानने आनंदसागर उभं करून दाखवलं. खारपाणपट्ट्यातल्या माळावर तलाव, मधल्या बेटावर ध्यानमंदिर, मुलांची छोटी आगगाडी, देशभरच्या संतांच्या मूर्ती. सिनेमा कुठेच नाही. जो जाऊन आला तो पहिली गोष्ट सांगतो ती स्वच्छतेची. कागदाचा कपटा दिसत नसे. रांगा लावणारे, झाडणारे, तिकीट तपासणारे सेवेकरी हात जोडून बोलत. मधली काही वर्षं ते बंद राहिलं आणि आता त्याचा काही भागच खुला आहे, याची हळहळ जिल्ह्यात घरोघर आहे. उद्यान बंद झाल्यावर लोक हळहळतात, तेव्हा ते उद्यान खऱ्या अर्थाने लोकांचं झालेलं असतं.

फ्रान्समध्ये हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. वांदे प्रांतातल्या पुय द्यू फू इथे 1978 मध्ये गावकऱ्यांनी पडक्या गढीसमोर आपल्या प्रांताचा इतिहास रात्री उजेडात सादर करायला सुरुवात केली. 1989 मध्ये तिथे दिवसाचं उद्यान झालं. आजूबाजूच्या गावांतले हजारो लोक आजही त्या रात्रीच्या खेळात विनामोबदला काम करतात. तिथे हॉलिवूडची मालिका नाही आणि उंच रुळांवरची गाडीही नाही. तरी देशात सगळ्यांत जास्त लोक जिथे जातात अशा मोजक्या उद्यानांत त्याचं नाव येतं. खेड्यातली माणसं, खेड्याची गोष्ट आणि कमालीची शिस्त.

०००

तर लोणार.

जागा आणि वस्तू ही माझी कसोटी तिथे लावून बघा. विवर ही जागा आहे, उल्का ही वस्तू आहे. चार मिनिटांत काय काय बसतं ते सांगतो.

पहिलं मिनिट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमाराला दख्खनवर लाव्हाचे थर पसरताहेत. आपण ज्या काळ्या दगडावर घरं बांधतो तो तयार होतो आहे. आसन खालून गरम वाऱ्याने भाजतं, थरामागून थर वर चढतात.

दुसरं मिनिट. काळ पुढे सरकतो. आकाशात ठिपका. ठिपक्याचा गोळा होतो. इथे राइडचं तंत्र खरं कामाला येतं. सिम्युलेटरचं आसन सहा पायांवर उभं असतं. ते हळूच मागे कलवलं आणि समोरच्या पडद्यावर दृश्य वेगाने धावलं की कानातला तोल सांभाळणारा अवयव फसतो. मागे कलणं आणि पुढे वेग घेणं यांतला फरक त्याला कळत नाही. डोळे म्हणतात आपण सुटलो आहोत, आणि मेंदू ते मान्य करतो. जागचा एक फूट न हलता माणूस उल्केवर बसून खाली येतो. धडक. काळोख. मग दगडांचा पाऊस.

तिसरं मिनिट. पाणी भरतं. खारं, अल्कधर्मी पाणी. काठावर जंगल वाढतं, गोमुखाची धार गोड्या पाण्याने वाहते, कमळजादेवीचं देऊळ उभं राहतं. आणि माणसं त्या खड्ड्याचा अर्थ लावू लागतात. लोणासुर जमिनीखाली राहायचा, विष्णूने दैत्यसूदनाच्या रूपात अंगठ्याने झाकण उडवलं आणि त्याला मारलं. वरून काही जोरात आलं आणि जमीन फुटली, एवढं तर त्या कथेने बरोबरच सांगितलं आहे. गावातल्या दैत्यसूदन मंदिरात ही कथा दगडात आहे, ती इथे हलती करायची.

चौथं मिनिट. 1823 मध्ये इंग्रज अधिकारी अलेक्झांडर हे विवर बघून नोंद करतो. शास्त्रज्ञ दीडशे वर्षं भांडतात, ज्वालामुखी की उल्का? 1973 मध्ये धडकेच्या दाबानेच तयार होणारी काच खडकात सापडल्याचं प्रसिद्ध होतं आणि उल्का जिंकते. वय आधी पन्नास हजार वर्षांच्या आसपास धरलं होतं, पुढे आर्गॉनच्या पद्धतीने मोजलं तर सुमारे 5 लाख 70 हजार निघालं. मग जून 2020. टाळेबंदीत अख्खं पाणी गुलाबी होतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासलं तेव्हा क्षारात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग निघाला. त्याच वर्षी सरोवर पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं. पडदा गुलाबी. आसन थांबतं.

यात असुर आहे, धडक आहे, भांडण आहे, रहस्य आहे, उकल आहे. कुठल्या सिनेमा-मालिकेत याहून जास्त आहे? आणि याचे हक्क कुणाकडे मागायचे नाहीत. ही गोष्ट कराराची मुदत संपली म्हणून कुणी परत नेणार नाही, पुढचा भाग पडला म्हणून ती शिळी होणार नाही.

एक अट मात्र पक्की. ही राइड सरोवराच्या काठावर बांधायची नाही. तिथली शांतता, झाडी, पाणी यांना हात लावायचा नाही. ती फिरती करायची. आपल्याकडे तंबूतल्या टॉकीजनी जत्राजत्रांत सिनेमा पोचवला, ट्रकवर पडदा आणि यंत्र घेऊन. राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेच्या फिरत्या विज्ञान प्रदर्शनाच्या बस दशकानुदशकं खेड्यांत जात आहेत, नागपूरचं रमण विज्ञान केंद्र त्याच परिषदेचं आहे. मॉलमध्ये डझनभर हलत्या आसनांची छोटी थिएटरं असतात. त्यांत परदेशातल्या कुठल्यातरी खाणीतली गाडी धावताना दाखवतात. तीच आसनं ट्रकवर चढवा, चित्रफीत बदला. देऊळघाटच्या शाळेच्या मैदानात ट्रक उभा राहील, धाडच्या बाजारात राहील, मोताळ्यात राहील. मराठीत एक निवेदन, उर्दूत एक. या भागात दोन्ही माध्यमांची मुलं आहेत, दोघांची उल्का एकच आहे.

०००

आता मागणी, आणि नाव घेऊन.

मालपाणी समूहाकडे इमॅजिकाही आहे आणि साई तीर्थही. एकीकडे थरार जमतो, दुसरीकडे घरची गोष्ट जमते. पुढची राइड ठरवताना सिनेमाच्या हक्कांची यादी टेबलावर येईल, तिच्याशेजारी लोणारची एक पानी गोष्ट ठेवा. राजासौरसने रस्ता दाखवलेला आहे.

महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने आणखी एक पुतळा आणि आणखी एक फलक उभारण्याआधी अजिंठ्याच्या केंद्राला लागलेलं कुलूप आठवावं. नव्या बांधकामाच्या निविदेत पहिल्या दिवसाच्या फितीचा खर्च असतो. त्यात दहा वर्षांच्या विजेचा, दुरुस्तीचा आणि माणसांच्या पगाराचा खर्च लिहिल्याशिवाय एक वीट रचू नये.

शाळांनी सहलीची यादी करताना मुलांना एक प्रश्न विचारावा. आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्या गोष्टीची राइड करावी? पैनगंगेच्या उगमाची, सिंदखेडराजाच्या जिजाऊंच्या बालपणाची, की राजूर घाटाच्या वळणांची? मुलं चित्रं काढतील. त्यांतली निम्मी चित्रं बांधणाऱ्यांच्या आराखड्यांपेक्षा चांगली असतील, याची मला खात्री आहे.

आणि शेवटची मागणी सर्वांत महत्त्वाची. राइडला लेखक नेमा. आज यंत्र परदेशी कंपनीकडून येतं, रुळ येतात, आसनं येतात, आणि गोष्ट कुणी लिहायची हे शेवटच्या महिन्यात आठवतं. म्हणून घाबरून सिनेमाकडे पळावं लागतं. सिनेमाचे हक्क विकत घ्यायला जेवढी रक्कम बाजूला काढता, तिच्यातला एक छोटा हिस्सा मराठी लेखकाला, चित्रकाराला, बाहुल्या घडवणाऱ्याला आणि भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकाला एका टेबलावर वर्षभर बसवायला पुरेल. त्यांना मानधन द्या, वेळ द्या आणि राइडच्या दारावर त्यांची नावं लिहा. डिस्नेच्या चाच्यांना सिनेमा मिळायला छत्तीस वर्षं लागली. आपण आज बसलो तर आपल्या नातवंडांच्या पिढीला मराठी राइडवरून काढलेला मराठी सिनेमा बघायला मिळेल, आणि त्याचे हक्क मागायला दुसऱ्यांना आपल्या दारात यावं लागेल.